गार खोलीतले सूचीकार

आमच्या हेडक्लार्कचे वडील गेले तेव्हा सगळं ऑफिस त्यांच्या घरी भेटायला गेलं होतं. सतरंजीवर माणसं गप्प बसलेली, आतून बायकांचे हुंदके ऐकू येत होते. आमचे साहेब आले, चपला भिंतीशी नीट जोडून ठेवल्या, हेडक्लार्कसमोर मांडी घातली, घसा साफ केला आणि म्हणाले, "विषय : आपले वडील."

कुणाला काही कळेना.

"संदर्भ : काल सकाळची दुःखद बातमी," साहेब पुढं म्हणाले, आणि मग "फार वाईट झालं हो" म्हणून त्यांनी खरोखर डोळ्यांना रुमाल लावला. हेडक्लार्कनं खांद्यावरच्या पंच्याचं टोक तोंडात कोंबलं. आम्हाला वाटलं, बिचारा रडू आवरतोय. पुढं महिन्याभरानं त्यानंच मला सांगितलं, "कसलं रडू हो बाई! बापाच्या सुतकात फिस्सकन हसलो असतो तर आईनं घरातनं हाकलून दिलं असतं."

साहेबांचं नाव मी सांगणार नाही. खात्याचंही नाही, कारण पेन्शन अजून तिथनंच येते. एवढंच सांगते की सत्तरच्या दशकात, सोलापुरात, आमच्या ऑफिसच्या मागच्या अंगाला एक मायक्रोफिल्म विभाग होता. त्यात तीन माणसं होती. साहेब विभागप्रमुख, मी टायपिस्ट आणि नरसय्या कॅमेऱ्यावर. अख्खं ऑफिस साहेबांना पाठीमागं 'विषयसाहेब' म्हणायचं. तोंडावर कुणाची टाप नव्हती.

हा विभाग का निघाला तेही ऐका. आमच्या खात्यानं मुंबईला कॉम्प्युटर घेतला. तो इथल्या कुणी पाहिला नव्हता, पण त्याचा प्रताप आम्हाला दर महिन्याला दिसायचा. जिल्ह्यातल्या सगळ्या खातेदारांचे हिशेब तो छापायचा आणि ते गठ्ठे रेल्वेनं यायचे. दोन्ही कडांना भोकं असलेला, घड्याघड्यांचा, संपता संपत नाही असा कागद. पूर्वी जे काम चार खतावण्यांत मावत होतं त्याला आता दोन खोल्या पुरेनात. व्हरांड्यात गठ्ठे, जिन्याखाली गठ्ठे. बायकांच्या संडासाकडं जायच्या वाटेवरसुद्धा गठ्ठे! मग मुंबईला सुचलं की या कागदांचे बारीक बारीक फोटो काढून फिल्मवर ठेवावेत, म्हणजे खोलीभर कागद एका डबीत बसेल. कागद वाढवायचं यंत्र आधी आणलं आणि ते निस्तरायचं यंत्र मागनं पाठवलं. सरकारी कारभार म्हटल्यावर आणखी काय व्हायचं?

साहेब त्यासाठी मुंबईला शिकून आले होते. कॉम्प्युटर त्यांनी काचेतनं पाहिला होता. "चपला बाहेर काढायच्या होत्या, बाई," ते मला भारावून सांगत. आल्या दिवशी त्यांनी आमच्या खोलीच्या दारात पाटी लावली : 'पादत्राणे बाहेर'. शिपाई चहा घेऊन आला आणि दारातच थबकला. म्हणाला, "आत कुठला देव बसवलाय?"

माणूस उंच, किडकिडीत, टेरिकॉटचा बुशशर्ट, आणि खिशात दोन पेनं. एक लिहायला, दुसरं पहिलं हरवलं तर. चष्म्याला दोरी होती आणि दोरीला चिठ्ठी. त्यावर लिहिलेलं असायचं, 'चष्मा, विभागप्रमुखांचा'. आता ज्याच्या गळ्यात आहे त्याचाच असणार ना? पण नाही. त्यांचं एक ठाम मत होतं. "ठेवता कुणालाही येतं, बाई. सापडलं पाहिजे. जे सापडत नाही ते नाहीच." हे ते दिवसातनं इतक्यांदा म्हणत की नरसय्या जेवणाच्या सुट्टीत शेंगाच्या चटणीची पुडी शोधायला लागला तरी तेच पुटपुटायचा.

तर हे सापडावं म्हणून पाट्या. फिल्मच्या सुरुवातीला पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्याभोर अक्षरात पाटी लिहायची आणि आधी तिचा फोटो घ्यायचा, हा नियमच आहे. जिल्हा, तालुका, साल, कुठल्या नावापासून कुठल्या नावापर्यंत. मग सूची, म्हणजे कुठलं नाव कितव्या चित्रावर, आणि त्यानंतर कागद. इथवर ठीक होतं. पण साहेबांचं एवढ्यावर भागेना. तालुका बदलला की पाटी, अक्षर बदललं की पाटी. एखादं पान कोरं आलं तर त्याच्या आधी पाटी : 'यापुढील पान मुळातच कोरे आहे.' फाटकं आलं तर, 'यापुढील पान मुळातच फाटके आहे.' कोरं आणि फाटकं दोन्ही असेल तर दोन पाट्या, आणि त्यांचा क्रम काय असावा यावर एक अख्खी दुपार. ह्या सगळ्या पाट्या कोण लिहिणार? मी! नेमणूक टायपिस्ट म्हणून आणि दिवसभर ब्रश घेऊन बसलेली. घरी गेले की माझा मुलगा म्हणायचा, "आई, तू ऑफिसात रंगारी आहेस का?"

काही दिवसांनी अशी गत झाली की फिल्मवर हिशेबाचं एक पान आणि पाट्या तीन. मुंबईहून विचारणा आली की फिल्म एवढी का लागते. साहेबांनी उत्तर पाठवलं : 'पाट्या आवश्यक आहेत. मजकूर कमी करता येईल का ते पाहावे.' मी ते टाइप करताना त्यांच्याकडं बघत होते. थट्टेचा मागमूस नव्हता हो चेहऱ्यावर!

नावांचा घोळ तर विचारू नका. कॉम्प्युटर नावं इंग्रजीत छापायचा आणि ठरावीक अक्षरं झाली की पुढचं कचकन तोडायचा. आमच्याकडं अक्कलकोटच्या बाजूची कानडी नावं हातभर लांब, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांची नावं घराण्यापासून सुरू होणारी. कुणाचा हिरेमठ नुसता हिरे होऊन यायचा, तर कुणाचं खरं नाव पार गळून नुसतं घराणं उरायचं. साहेबांनी संतापून पत्र लिहायला घेतलं. मायना सांगितला : "प्रति, संगणक, मुंबई."

मी थांबले. म्हटलं, "साहेब, यंत्राला पत्र?"

"चूक कोणी केली, बाई?"

"यंत्रानं."

"मग पत्र कोणाला जाईल?"

गेलं ते पत्र. 'आपल्याकडून खातेदारांची नावे वारंवार तोडली जात असून आपण याची गंभीर दखल घ्यावी.' उत्तर आलं नाही. तेव्हा स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र. शेवटी मुंबईच्या कुणा अधिकाऱ्यानं कळवलं की असला पत्रव्यवहार बंद करावा. साहेबांनी त्यावर शेरा मारला, 'संगणकाने स्वतः उत्तर देण्याचे टाळले', आणि फाईल बंद केली.

एकदा हळदीकुंकवाला मी त्यांच्या घरी गेले होते. स्वयंपाकघरात नुसत्या चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. मिठाच्या बरणीवर मीठ, साखरेच्या बरणीवर साखर, एवढं कुणीही करेल. पण फडताळाच्या दाराला सूची होती. तीत लिहिलेलं, 'हिंग : पाहा, फोडणी.' फोडणी शोधली तर, 'पाहा, मोहरी, हिंग.' मी हसू दाबत वहिनींकडं पाहिलं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "माझ्यावरही चिठ्ठी लावली असती हो, पण मी एका जागी राहत नाही ना!"

आता गार खोलीबद्दल. फिल्मला उष्णता चालत नाही, दमट हवा चालत नाही, म्हणून मुंबईनं कॅमेऱ्याबरोबर एअरकंडिशनरही पाठवला होता. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत नसेल तर सांगून कळायचा नाही. चैत्रातच रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं. अशा गावात, अख्ख्या ऑफिसात गार खोली एकच आणि तीत आमच्या फिल्मच्या डब्या! मोठे साहेब, म्हणजे आमच्या ऑफिसचे सर्वेसर्वा, त्यांच्या केबिनमध्ये मात्र वाळ्याचा पडदा आणि कुरकुरणारा पंखा.

त्यामुळं मोठ्या साहेबांना मायक्रोफिल्मची गोडी लागली. ती पावसाळ्यात नसायची, थंडीत तर नावालाही नाही. होळी झाली की हळूहळू उत्पन्न व्हायची आणि मे महिन्यात पार विकोपाला जायची. जेवण झालं की ते 'पाहणी'ला येत, खुर्ची एअरकंडिशनरसमोर ओढत आणि डोळे मिटून पाहणी करत. मग त्यांच्यामागोमाग अकाउंटवाले, मग स्टोअरवाले. एकदा मोठ्या साहेबांच्या मेहुण्यानंसुद्धा येऊन पाहणी केली.

विषयसाहेबांनी पहिला उन्हाळा सोसला. दुसऱ्या वर्षी होळी झाल्याझाल्या ते मोठ्या साहेबांसमोर उभे राहिले. "विषय : घाम."

मोठ्या साहेबांनी एक डोळा उघडला.

"माणसाच्या अंगातून वाफ निघते. ती फिल्मवर बसते. बुरशी येते. आपण बाहेर व्हावं."

नोकरीत मी पुष्कळ धाडसी माणसं पाहिली, पण साहेबाला 'तुम्हाला घाम येतो, उठा' असं तोंडावर सांगणारा हा एकच. मोठे साहेब उठले. चपला घालायला दारात वाकले तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता की मी मनात म्हटलं, आपलं काही खरं नाही. आणि तसंच झालं. आठवड्याच्या आत त्यांनी मुंबईला लिहिलं की हा विभाग निरुपयोगी आहे, तो बंद करावा, आणि एअरकंडिशनर अधिक योग्य जागी बसवावा. योग्य जागा कुठली ते सांगायला नकोच.

साहेबांचं किंवा माझं काय, आम्ही कायम नोकरीतले. विभाग बंद झाला तर दुसऱ्या टेबलावर जाणार. जीव टांगणीला लागला तो नरसय्याचा. तो रोजंदारीवर. विभाग कायम झाला तरच तो कायम होणार, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून घरी. पूर्व भागातला, हातमागावर जन्मलेला माणूस. बायको विड्या वळायची, पदरात तीन पोरी. ऑफिसात लागला तेव्हा ह्यानं काय करावं? "आता सरकारी माणूस झालो की बाई!" म्हणत घरातला माग मोडून विकून टाकला. मागाच्या जागी पोरींना अभ्यासाला टेबल केलं. कापडाच्या ताग्याची घडी मोडायची सवय, त्यामुळं तो लांबलचक कागद त्याच्या हाताखाली असा सरळ सरकायचा की बघत राहावं. पाहणी अधिकारी पाठवून विभाग ठेवायचा की बंद करायचा ते ठरवू, असं मुंबईचं पत्र आलं आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. "बाई, माग तर गेला. आता परत कुठं जाऊ?" मी साहेबांकडं पाहिलं, तर ते म्हणाले, "विषय : पाहणी अधिकारी. ते येतील, नाव विचारतील, आपण पान दाखवू. सूची बिनचूक आहे. काळजीचं कारण नाही."

इथं एक गंमत सांगायची राहिली. विभाग सुरू होऊन दोन वर्षं होत आली होती, डब्यांनी कपाटं भरली होती, पण ती फिल्म वाचायचं यंत्रच आमच्याकडं नव्हतं. ते मंजुरीत अडकलं होतं. साहेब डोळ्याला भिंग लावून, फिल्म उजेडासमोर धरून अक्षरं ठळक आली का ते तपासत. पण सूचीवरून पान काढायचं म्हणजे यंत्र हवं. आणि खरं सांगायचं तर दोन वर्षांत एका माणसानंही एक पान मागितलं नव्हतं. ते वाचायचं यंत्र शेवटी पाहणी अधिकाऱ्याबरोबरच, त्यांच्याच जीपमधनं आलं.

मुंबईचे साहेब गोलमटोल होते. ऐन मे महिन्यातली दुपार, जीपमधनं उतरले तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला. गार खोलीत पाऊल टाकलं आणि "आहाहा!" म्हणून जे बसले ते उठेचनात. मोठे साहेबही पाहणीच्या निमित्तानं शेजारी खुर्ची टाकून बसले. आमच्या साहेबांनी दोघांच्या घामाकडं एकदा पाहिलं, पण नरसय्याकडं पाहून गप्प राहिले.

"चला, अक्कलकोट तालुका. बिराजदार," मुंबईचे साहेब म्हणाले.

मी सूचीतला आकडा वाचला. साहेबांनी डबी उघडली, रीळ यंत्रात बसवलं, हातानं मूठ फिरवली. यंत्रावरचा काटा एकेक चित्र मोजत पुढं सरकला आणि बरोबर आकड्यावर थांबला. पडद्यावर उजेड पडला. सगळे वाकले.

पडद्यावर बिराजदार नव्हते. तिथं माझ्याच हातची पाटी होती : 'यापुढील पान मुळातच फाटके आहे.'

मोठे साहेब खोकल्यासारखं हसले.

"दुसरं घ्या. बार्शी. जगदाळे."

आकडा लावला. जगदाळे नाहीत, त्यांच्या आधीच्या पानावरचे जगताप आले. साहेबांनी मला परत आकडा वाचायला लावला, स्वतः वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग दुसरं रीळ, तिसरं रीळ. दर वेळी एक पान मागंच. या माणसानं आयुष्यात दुसरं काही मिरवलं नव्हतं हो. ना पैसा, ना वशिला, सूची तेवढी बिनचूक. तीच चारचौघांत अशी उताणी पडली. त्यांच्या कपाळावर घाम आला. त्या खोलीत त्यांना घाम आलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

ते रीळ उलटं फिरवायला लागले. पार सुरुवातीपर्यंत. पाटीच्याही आधी फिल्मचा थोडा काळा पट्टा असतो, तो यंत्रात अडकवण्यापुरता. तो कुणी तपासत नाही. त्या पट्ट्यावरनं मूठ फिरत असताना एकाएकी पडदा उजळला.

पडद्यावर श्री मार्कंडेय होते. कॅलेंडरमधनं कापलेलं विणकरांच्या देवाचं चित्र, त्याला कुंकवाचं बोट, खाली नरसय्याच्या गोलगोल अक्षरात 'प्रसन्न'. अंधाऱ्या खोलीत एवढा मोठा लखलखीत देव बघून मुंबईच्या साहेबांनी चटकन हात जोडले. त्यांचे बघून मोठ्या साहेबांनी जोडले. मग माझेही जुळले. फक्त नरसय्याचे जुळले नाहीत. तो भिंतीला चिकटून दाराकडं सरकत होता.

त्याचं म्हणणं मला नंतर कळलं, आणि ते इतकं सरळ होतं की रागवावं तरी कसं? "आमच्यात मागावर नवा ताना, उभं सूत, चढवला की आधी कुंकू लावतेत बाई, देवाचं नाव घेतेत, मगच धोटा मारतेत. कोरी फिल्म म्हंजे तानाच की! मोकळं कसं चालू करू?" म्हणून प्रत्येक नव्या रिळाला, कुणी खोलीत यायच्या आधी, त्यानं देवाचा एक फोटो घेतलेला. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. माझी सूची पाटीपासून मोजलेली आणि यंत्र मोजत होतं देवापासून. दोन वर्षांचं अख्खं काम एका घरानं सरकलं होतं.

हात सोडल्यावर मोठ्या साहेबांना कंठ फुटला. "सरकारी फिल्मवर देव? कुणाचं काम हे?"

"सायेब, ते मी..." नरसय्यानं तोंड उघडलं.

"विषय : आरंभचित्र," आमचे साहेब इतक्या मोठ्यानं म्हणाले की मीसुद्धा दचकले. "फिल्म नीट बसली का ते बघायला सुरुवातीला एक चित्र घेतात. कुठलंही. माझ्या सांगण्यावरून घेतलं आहे. सूची करताना ते धरायचं राहिलं. सूची माझी आहे. चूक माझी आहे."

हा माणूस एका अनुस्वारासाठी मला पाटी परत लिहायला लावायचा. शिपायानं चुकीच्या टेबलावर चहा ठेवला तर त्याची नोंद करायचा. आणि आता, डोळ्याचं पातं लवू न देता, साफ खोटं!

मुंबईच्या साहेबांना देवापुढं वाद नको होता आणि गार खोलीतनं उठायचंही नव्हतं. ते म्हणाले, "ठीक आहे. मी उद्या दुपारपर्यंत आहे. पानं सापडली पाहिजेत. सापडली तर मी विभाग कायम करायची शिफारस करतो. नाही सापडली तर मला बंदच करावा लागेल."

ते गेस्टहाउसवर गेले आणि मोठे साहेब मागं राहिले. त्यांनी उपाय सुचवला, आणि उपाय खरंच सोपा होता. प्रत्येक रिळाचं ते पहिलं चित्र कात्रीनं छाटून टाकायचं. देव गेला की मोजणी आपोआप बसते. "नरसय्या, घे कात्री. तूच चिकटवलास, तूच काप," असं म्हणून ते गेले. सूचीच्या चुकीवर त्यांचा विश्वास बसला नव्हता, त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

नरसय्यानं माझ्या टेबलावरची कात्री उचलली. डोळ्यांतनं धारा. "कापतो, सायेब. देव काय, समजून घेईल. पोरींच्या तोंडाकडं बगून कापतो." रीळ उलगडलं, त्या बारक्याशा चौकोनाजवळ कात्री नेली, आणि डोळ्यांतल्या पाण्यानं कुठं कापायचं तेच त्याला दिसेना.

साहेबांनी त्याच्या हातातनं कात्री काढून घेतली आणि माझ्या खणात टाकून खण लावला. "कापलेली फिल्म अखंड राहत नाही. अखंड नाही ती पुराव्याला चालत नाही." हा नियम खरा होता, मी मागाहून पुस्तकात पाहिला. पण त्या दुपारी ते नियमासाठी बोलत होते का, हे मला कुणी विचारलं तर मी नाही म्हणेन.

मग ते चिठ्ठ्या घेऊन बसले. म्हटलं, "द्या, मी भराभर टाइप करते." तर म्हणाले, "चूक टाइप करत नाहीत, बाई. ती हातानं लिहायची असते." एकेका डबीवर ते स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवत गेले : 'सूचीतील आकड्यात एक मिळवून वाचावे. चूक सूचीकाराची.' खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि सही. कपाटंच्या कपाटं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दाखवणारा माणूस, आणि खात्याची फिल्म जितकी वर्षं टिकेल तितकी वर्षं त्याच्या नावानं बोंब मारणारी चिठ्ठी त्यानं प्रत्येक डबीवर आपल्याच हातानं लावली. मला एरवी त्यांचा इतका राग यायचा, इतका यायचा! त्या दुपारी मात्र मला त्यांच्याविषयी अशी माया दाटून आली की डिंकाची बाटली सरकवून देताना डोळे भरून आले.

पुढचं थोडक्यात सांगते. दुसऱ्या दिवशी एक मिळवून जे नाव मागितलं ते पान आलं. मुंबईच्या साहेबांनी गार खोलीत आणखी दोन तास बसून शिफारस लिहिली. विभाग कायम झाला, नरसय्याची ऑर्डर निघाली, आणि एअरकंडिशनर जिथं होता तिथंच राहिला. आरंभचित्राची कल्पना मुंबईला इतकी पसंत पडली की सगळ्या ऑफिसांना तसं परिपत्रक गेलं. त्यावर वाद झाला की चित्र कुठल्या देवाचं. पंढरपूरच्या शाखेनं एक कळवलं, दुसऱ्या कुणी दुसरं. शेवटी ठरलं की आरंभचित्रात खातेप्रमुखांचा फोटो असावा. खातेप्रमुख बदलले की जुन्या फोटोची फिल्म ग्राह्य धरायची का, यावर पत्रव्यवहार सुरू झाला आणि तो मी निवृत्त झाले तेव्हाही चालू होता.

साहेबांना सूची चुकल्याबद्दल ठपका आला. पुण्याची बढती त्यांना मिळणार होती, ती त्यांच्या हाताखालून गेलेल्या एका पोरसवदा माणसाला मिळाली. वहिनी मला नवी पेठेत भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "ह्यांची सूची कशी चुकली हो? माझा विश्वास बसत नाही." सांगू नका म्हणून साहेबांनी बजावलं होतं, तेव्हा मी उन्हाळ्याचा विषय काढला.

पण त्या चिठ्ठ्यांच्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. शेवटच्या कपाटाशी आलो तेव्हा नरसय्यानं एक डबी उचलून तिच्यावरची चिठ्ठी अक्षर अक्षर लावत वाचली. वाचून झाल्यावर तो साहेबांच्या पायाशीच बसला. "सायेब, केलं मी आणि नाव तुमचं का लिवलं? असं कसं? माझं लिवा की!"

साहेबांनी त्याच्याकडं न बघता भिंग डोळ्याला लावलं आणि रिळाचा तो पहिला तुकडा उजेडासमोर धरून बराच वेळ न्याहाळला.

"सूचीची चूक माझी. ती मी घेतली," ते म्हणाले. "पण हे बघ, देव वाकडा आलाय. डाव्या अंगाला कलंडलाय. अक्षरही पुसट. ही चूक तुझी. उद्यापासून सरळ घे."

दुसऱ्या दिवशी नरसय्या घरनं येताना पोरींची फूटपट्टी घेऊन आला.